नावं शेवटी लिहू

२८ एप्रिल १९९१, जळगाव
सुट्टी लागली. यंदा आंबे खाऊन लोळायचं नाही. मोठा संकल्प: घराण्याचा अल्बम. आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धुळ्याकडच्या आमच्या गावाहून आले, ते बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊनच. आत सगळे जुने फोटो, जत्रेतल्या तंबूत रंगवलेल्या पडद्यापुढे काढलेले. त्यातलं कोण कोण, हे फक्त आबांना माहीत. त्यांच्या पिढीचं दुसरं कुणी उरलं नाही. मुलगा कार्यानुभवाचा शिक्षक असताना हे काम बाहेर कशाला द्यायचं? १५ मेपर्यंत पूर्ण. मग जिल्हा प्रदर्शन. गेल्या वर्षी चौधरी सरांना थर्माकोलच्या मंदिरावर पहिला नंबर दिला होता. बघूच.

३० एप्रिल
कार्डशीट, मार्बल पेपर, घोटीव कागद आणि एक नागमोडी कात्री आणली. सुनंदा म्हणाली, आधी आबांना नावं विचारून उतरवून घ्या. शिक्षकाच्या बायकोला एवढं कळू नये? आधी रचना, मग मजकूर. नावं शेवटी, बोरूने, काळ्या शाईत. बोरूचा सराव उद्यापासून.

४ मे
ऑपरेशन झालं, आबांना तात्पुरता चष्मा मिळाला. भिंगं इतकी जाड की डोळे बशीएवढे दिसतात. दिवसभर फोटो बघत बसले. एक उचलून म्हणाले, ‘हाऊ मना मामा शे. यानी माले पव्हाले शिकाडं.’ मी म्हटलं, आबा, आत्ता नको, बॉर्डरची लय तुटते. तर म्हणाले, ‘लिखी ले गिरधर, मी इसरी जासू.’ म्हटलं, तुम्ही कसले विसरताय, गावातल्या प्रत्येक बैलाचं नाव तुम्हाला पाठ आहे. खूश झाले. निदान गप्प झाले.

७ मे
पारा पंचेचाळीस. कागद उडतात म्हणून पंखा बंद. दमटपणाने कार्डशीट वाकते म्हणून कूलरही बंद. सुनंदा रुसून शेजारी गेली, आबा ओसरीत ओला पंचा डोक्यावर घेऊन बसले. कलेसाठी त्याग लागतो. तो घरच्यांनी आनंदाने करावा अशी अपेक्षा होती.
बोरूचा सराव: नाही. हाताला घाम.

११ मे
आमच्या लग्नात एकच ग्रुप फोटो निघाला होता. तो बदामाच्या आकारात कापला, कडा नागमोडी. अप्रतिम. कडेचे दोन-तीन लोक गेले, पण बदामाला कोपरे नसतात त्याला मी काय करणार? आबांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, मी कुठे आहे? ते तेव्हा कडेला उभे होते म्हणे. म्हटलं, तुमच्यासाठी अख्खं पान ठेवलंय. मग म्हणाले की डब्यात त्यांचा लहानपणीचा एक फोटो आहे. कोणता ते सांगणार, तेवढ्यात माझी कात्री सापडेना. ती शोधण्यात संध्याकाळ गेली. मी तिच्यावरच बसलो होतो.

१४ मे
उद्यापर्यंत शक्य नाही. नवी तारीख ३१ मे. घाई केली की माणसाचा चौधरी सर होतो.

१६ मे
वैताग! आबांनी दुपारभर ओसरीत बसून, माझंच बॉलपेन घेऊन, एकेका फोटोच्या पाठीवर काहीतरी गिरमिटून ठेवलंय. तेही दाबून. दोन फोटोंवर पुढून उठाव दिसतो. जुन्या वस्तू कशा हाताळायच्या हे या लोकांना कळतच नाही. मोठ्याने बोललो. आबांनी पेनाला टोपण लावून पेन परत दिलं.
नंतर शांत डोक्याने विचार केला. पाठ चिकटवायचीच आहे, कोण बघणार? माफ केलं.

२० मे
खळ नको, झुरळं येतात. झुलाल मिस्त्रीकडून सुताराचा पांढरा गोंद आणला. तो म्हणाला, फळी तुटेल पण सांधा सुटणार नाही. मला असाच भक्कमपणा आवडतो. माझा स्वभावही साधारण तसाच आहे.

२७ मे
सगळे फोटो चिकटले! एक कोपरा नखाने उचकटून बघितला. जाम हलत नाही. प्रत्येकाखाली नावासाठी सोनेरी कागदाची पट्टी. आता फक्त आबांबरोबर बसायचं. तो पोहणारा मामा कोणता ते मात्र आठवेना. दोन फेटेवाले आहेत आणि दोघेही पोहता येत असल्यासारखे दिसतात. उद्या नक्की.

२८ मे
बोरू सापडत नाही. उद्या.

३० मे
बोरू सापडला. शाई वाळून खडा झालीय. आबा सकाळपासून दोनदा येऊन माझ्याजवळ बसून गेले. त्यांना म्हटलं, शाई आणतो, मग निवांत बसू.

१ जून
सकाळी आबांच्या हातातून चहाचा कप पडला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. दवाखान्यात नेलं. फार घाबरलो आहे. शाईची बाटली खिशातच राहिली होती, शर्ट खराब झाला.

४ जून
आबा घरी. वाचा कधी येईल, असं मी डॉक्टरांना विचारलं. उत्तर त्यांनी सुनंदाकडे बघून दिलं, मला नीट ऐकू आलं नाही. माझ्या अंदाजाने आठ-दहा दिवस. तोवर बोरूचा सराव होईल.

७ जून
अल्बम आबांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी डाव्या हाताने पान उलटलं, आणि एका फोटोचा कोपरा नखाने खरवडायला लागले. पुढच्या पानावरही तेच. मी म्हटलं, निघणार नाही आबा, सुताराचा गोंद आहे. त्यांनी माझा हात धरून त्या कोपऱ्यावर ठेवला. डोळ्यांत पाणी आलं होतं. कौतुकाने भरून आलं असणार. शेवटी घरात एकाला तरी माझ्या कामाची कदर आहे.

११ जून
पहाटे आबा गेले.

१६ जून, गावी
अल्बम मुद्दाम बरोबर आणला. भेटायला येणारे पानं उलटतात आणि विचारतात, ‘हाऊ कोन शे?’ मी म्हणतो, आपल्यातलेच. ते मान हलवून पुढचं पान उलटतात, तिथेही आपल्यातलेच.
धाकटा भाऊ भटू म्हणाला, दहाव्याला हार घालायला आबांचा फोटो लागेल. शोधला. एकही नाही. आहे तो बदाम. लहानपणीचा तरी द्या, म्हणाला. अल्बममध्ये टोपीवाली पाच-सहा पोरं आहेत, सगळी सारखीच बावरलेली. सुनंदा हळूच म्हणाली, आबांनी पाठीवर प्रत्येकाचं नाव लिहिलं होतं, तुम्हाला माहीत आहे असंच मला वाटलं.
ते परत दिलेलं बॉलपेन आठवलं. आणि कोपरा खरवडणारं नख. कौतुक नव्हतं ते.

१७ जून
अजून वेळ गेलेली नाही. कढत पाण्याने गोंद सुटतो, हे साधं विज्ञान आहे. एकेक पान करत बसलो तर दहावा उलटेल, म्हणून सगळी पानं घंगाळात एकदम बुडवली.
दुपारी: गोंद सुटला नाही. चेहरे सुटले. फोटोवरचा थर दुधावरच्या सायीसारखा सरकून पाण्यात गेला. घोटीव कागदाचा रंग उतरला, पाणी जांभळं झालं. त्यात सगळे.
संध्याकाळी: उरलेले कागद सोलत बसलो. शाई बहुतेक गोंदातच राहिली. एक चिटोरा तेवढा शाबूत निघाला. आबांचं अक्षर, दाबून लिहिलेलं. ‘हाऊ मी.’
कोणत्या फोटोमागचा, ते आता कुणीच सांगू शकत नाही. खूप रडलो. घंगाळ भटूने ओतलं.

१९ जून, धुळे
चिटोरा फ्रेम करायला दिला. फ्रेमवाल्याने विचारलं, फोटो कुठाय? म्हटलं, एवढंच आहे. तो म्हणाला, मोकळं मोकळं दिसतंय, कडेने नक्षीचा कागद लावून देऊ का?
नको म्हटलं.