कमान कोणाच्या उंचीची

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, दातांची डॉक्टर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुद्धीवर आहे, कोणाचेही दडपण नाही. "लिहिताना मान खाली जाते, चालेल ना?" असे वकिलांना विचारले. ते म्हणाले, "लाज वाटणं म्हणजे बुद्धी फिरणं नव्हे. लिहा."

१. राहते घर व बँकेतील सर्व ठेवी माझ्या नवऱ्याला. त्यात इतर कोणीही वाटा मागू नये.

२. दवाखान्याची खुर्ची व हत्यारे माझ्या सहकारी डॉक्टरीणबाईंना. खुर्ची कुरकुरते. तेल घालून उपयोग नाही. मी घालून थकले.

३. उघड्या टपाची लाल गाडी. हिच्याबद्दल सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे कोणी तिखटमीठ लावणार नाही.

सुट्टीच्या दिवशी मी ही गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवीत असे. तिथे सीटमागे रोल बार सक्तीचा असतो, म्हणजे गाडी उलटली तर डोके वाचवणारी पोलादी कमान. वेल्डरने दोन दाखवल्या. उंच होती ती कुरूप, शिवाय तिच्यामुळे कापडी टप लागत नव्हता. ठेंगणी चकचकीत होती. मी हेल्मेट घालून बसले. वेल्डरने कमानीवरून समोरच्या काचेपर्यंत काठी आडवी धरली. माझे डोके काठीच्या खाली राहिले.

"शेजारी कोण बसणार?" त्याने विचारले.

"कोणी नाही," म्हणत मी ठेंगणी घेतली.

नवरा ताडमाड, आणि वेगाला भिणारा. मीच त्याच्या मागे लागले, "एकदा तरी बघ ना मी कशी चालवते!" ट्रॅकवरच्या तपासणीत डोके काठीखाली राहावे म्हणून तो खाली घसरून बसला, तेही माझ्याच सांगण्यावरून. गाडी निघाल्यावर सरळ झाला. त्याचे डोके कमानीच्या वर आलेले मला दिसत होते. वळणावर गाडी हातातून सुटली, मातीत रुतली आणि उलटली. मला खरचटलेदेखील नाही. त्याच्या मानेचा मणका मोडला.

४. मोत्यांच्या कुड्या नणंदेला. इस्पितळात ती सगळ्यांदेखत म्हणाली, "स्वतःच्या डोक्यापुरतं लोखंड घेतलंस, वहिनी." हे मी तिला माफ केलेले नाही, कारण त्यात एक शब्दही खोटा नाही. ती कुड्या घालणार नाही, ठाऊक आहे. तरी द्याव्यात.

५. गाडी भंगारात द्यावी, असे मी आधी लिहिले होते. नवऱ्याने मसुदा वाचला. त्याला आता मान वळवता येत नाही. माझ्याकडे बघायला तो अख्खा वळला.

"भंगारात कशाला? तुला लाज वाटते म्हणून माझी मजा का घालवतेस?"

"मजा?"

"त्या वळणापर्यंत फार मजा आली गं. तुला सांगायचं राहूनच गेलं."

मला त्याच्यासमोर उभे राहवेना. स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मग गाडी दुरुस्त झाली. या वेळी सीटवर नवरा बसला, वेल्डरने काठी धरली आणि उंच कमान लागली. टप आता लागत नाही. गाडी नवऱ्यालाच द्यावी. माझ्या पश्चात ती कोणी चालवावी हे त्याने ठरवावे.

तूर्त तो रविवारी सकाळी गॅरेजमध्ये जातो, शेजारच्या सीटवर बसतो, पट्टा लावतो. थोडा वेळ वाट बघतो आणि वर येतो. मी अजून खाली गेलेले नाही.

वरील मजकूर वाचून मी खालील दोन साक्षीदारांसमक्ष सही केली. (सही)

साक्षीदार:
वेल्डर (सही)
वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका (सही)

ठिकाण: राहते घर
दिनांक: १४ ऑक्टोबर, शनिवार