बाटल्यांवरील अक्षर

गुरुजी, तुम्ही गेलात तेव्हा माझे लग्न झालेले नव्हते, त्यामुळे जिच्या जाण्याने हे घर रिकामे झाले आहे तिला तुम्ही कधी पाहिले नाही. माझी पत्नी गेल्या मार्गशीर्षात गेली. मुलगी आयर्लंडहून आली, तेराव्यानंतर परत गेली, आणि तेव्हापासून महाडच्या या घरात मी आणि खानावळीचा डबा एवढेच उरलो आहोत. इतक्या वर्षांनी तुम्हाला का लिहितो आहे, असे तुम्ही विचाराल. कुडपणच्या पठारावरील तुमच्या शाळेत जो नियम मी शिकलो, त्याने मला अशा जागी आणून उभे केले आहे की कोणत्याही बाजूस पाऊल टाकले तरी काहीतरी तुटते. आणि ज्याच्यापाशी हे बोलावे असे जिवंत माणूस मला आठवत नाही.

मी येथील महाविद्यालयात शिकवतो आणि तेथील गुणवत्ता हमी कक्षाचा समन्वयक आहे. तुमच्या काळी हे शब्द नव्हते. तुमच्याकडे वर्षातून एकदा तपासणीला दिपोटी साहेब येत आणि त्याच्या आदल्या दिवशी शाळा सारवली जाई. आता आम्ही स्वतःच स्वतःला तपासतो, ते लिहून काढतो, आणि मग बाहेरचे लोक येऊन आम्ही लिहिले तसे खरेच आहे का ते पाहतात. आयर्लंडमध्ये ही रीत फार शिस्तीची आहे. त्यांनी देशातील सारे शिक्षण दहा पायऱ्यांच्या एका चौकटीत बसवले आहे. मोठेपणी अक्षरओळख झालेल्या माणसाचे प्रमाणपत्र अगदी खालच्या पायरीवर आणि डॉक्टरेट दहाव्या पायरीवर, परंतु चौकट एकच. माणूस बाकावर किती वर्षे बसला यापेक्षा त्याला काय कळते, काय करता येते आणि कोणी शेजारी उभे नसताना तो काय निभावून नेतो, याला तेथे अधिक महत्त्व आहे. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा तुम्ही डोळ्यांपुढे आलात. धडा संपला की तुम्ही फळा पुसून टाकीत असा आणि आमच्याकडे वळून विचारीत असा, "आता सांगा, काय राहिलं?" आम्ही एकमेकांची तोंडे पाहात असू. तुम्ही स्वतः सातवी फायनल झालेले. त्यांच्या चौकटीत तुम्हाला फार वर जागा मिळाली नसती.

आता अडचण सांगतो. आमची तीन वर्षांची पदवी तेथे बहुधा सातव्या पायरीशी तुल्य धरतात. माझ्या मुलीला तेथील पदव्युत्तर वर्गात, म्हणजे नवव्या पायरीवर, प्रवेश हवा आहे आणि त्यासाठी आठवी लागते. पदवीनंतर तिने आमच्याच महाविद्यालयात एक वर्षाची पदविका केली होती. तिचा प्रकल्प पोलादपूरच्या डोंगरातील झऱ्यांच्या पाण्याच्या तपासणीचा होता. तेथील प्रवेश समितीने आमच्या महाविद्यालयाकडे विचारणा केली आहे की, त्या वर्षाचे मूल्यमापन कसे झाले, प्रकल्प बाहेरच्या परीक्षकाने पाहिला होता काय, आणि काम विद्यार्थिनीचे स्वतःचे आहे काय. उत्तराने त्यांचे समाधान झाले तर ती आठव्या पायरीवर धरली जाईल आणि तेथे राहील. न झाले तर सध्याच्या छोट्या अभ्यासक्रमाची मुदत संपताच तिला परत यावे लागेल. परत म्हणजे या घरी, गुरुजी. समोरच्या खोलीत, जेथे तिचा पलंग मी अजून हलवलेला नाही.

प्राचार्यांनी ते पत्र माझ्याच टेबलावर ठेवले. मी म्हटले, विद्यार्थिनी माझी कन्या आहे, हे काम माझ्याकडे असणे उचित नाही. ते हसले. "सर, तो अभ्यासक्रम तुमच्याशिवाय या तालुक्यात कोणाला समजलाय? आणि हरकत घ्यायला आहे कोण, सावित्री नदी?" मुलीशी फोनवर बोलणे झाले तेव्हा मी तिला कार्यपद्धती समजावून सांगू लागलो. तिने मध्येच थांबवले. "बाबा, सातवी की आठवी हा तुमच्यासाठी तक्त्यातला प्रश्न आहे. मी परत येऊन काय करू तिथं? तुमच्या डब्यात वाटेकरी होऊ?" ती थट्टेने बोलली होती. माझे उत्तर "हो" असे होते, म्हणून मी कार्यपद्धतीच पुढे सांगू लागलो.

मग मला तुमचे पेपर आठवले. तुमचा मुलगा आमच्याच शाळेत, माझ्या पुढच्या इयत्तेत होता. स्वतःच्या पोराचा पेपर आपण तपासू नये म्हणून तुम्ही साऱ्या शाळेच्या उत्तरपत्रिका घाटाखालच्या शाळेतील गुरुजींकडे पाठवीत असा आणि त्यांच्या तुम्ही तपासीत असा. एका वर्षी गठ्ठा परत आला तो सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण घेऊन. ज्याला भागाकार येत नसे त्या तुमच्या मुलालाही. गठ्ठा माझ्या डोक्यावर दिलात आणि डोंगर उतरलात. ते घर मला अजून दिसते. ओटीवर पाट मांडले आहेत, ताक आले आहे, त्या गुरुजींची पत्नी दाराआड उभी आहे. ते गुरुजी ओशाळून सांगत आहेत, "दुसऱ्याच्या पोराचं गुण कापायला हात उठत नाय हो. पाव्हन्याच्या पानात कमी वाढल्यागत वाटतं." तुम्ही आमटीचा घास घेता आणि दाराकडे पाहून शांतपणे म्हणता, "वहिनी, आमटी झकास हाय, पन मीठ कमी हाय." साऱ्यांचे हात थांबतात. पाहुण्याने असे बोलायचे नसते, हे मलाही ठाऊक आहे. आतून मीठ येते. तुम्ही ते कालवता, दुसरा घास घेता आणि यजमानाला विचारता, "आता मोडली का आपली सोयरीक? नाय ना? मग पेपर काढा." तुमचा मुलगा त्या वर्षी मागे राहिला आणि माझ्या बाकावर आला. तो पुढे मुंबईस चांगल्या नोकरीला लागला, हेही खरे.

मी तेच केले. प्रकल्प पूर्वी बाहेरच्या परीक्षकाने पाहिला होता, परंतु त्यांचे टिपण दोन ओळींचे होते. म्हणून दुसऱ्या तालुक्यातील एका ज्येष्ठ प्राध्यापकांकडे तो पुन्हा पाठवला आणि सविस्तर अभिप्राय मागितला. तो आला तेव्हा मला घाटाखालची आमटी आठवली. त्यात एकही उणीव नव्हती. असा प्रकल्प कारकिर्दीत पाहिला नाही, असे त्यांनी लिहिले होते. मी फोन केला. ते म्हणाले, "सर, तुमच्या घरात काय झालंय ते मला माहीत आहे. पोरीचं भलं होऊ दे. एवढंही लिहू नये इतका मी दगड आहे का?" मी त्यांचे आभार मानले आणि अभिप्राय परत पाठवला. कृपया प्रकल्प वाचून लिहावे, अशी विनंती केली. त्यांना ते लागले असावे.

येथपर्यंत तुम्ही मान डोलावाल. परंतु फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. तो गोड अभिप्राय जसाच्या तसा पाठवला असता तर मुलगी नक्की तेथे राहिली असती. मी तो तुमच्या नियमाखातर परत केला, की ती परत यावी म्हणून? मी स्वतःला हे अनेकदा विचारले आहे. स्वयंमूल्यमापन हे माझे काम आहे. इतरांना ते कसे करावे यावर मी व्याख्याने देतो. मला या एका प्रश्नाचे उत्तर लिहिता येत नाही. एकट्या माणसाला कोणी शेजारी उभे नसताना संध्याकाळ निभावून नेता येणे, हे त्या दहा पायऱ्यांपैकी कोणत्याही पायरीवर नोंदलेले नाही. मी पाहिले आहे.

दुसरा अभिप्राय परवा आला. या वेळी त्यांनी वाचले होते. नमुने पावसाळ्यानंतरचेच आहेत, उन्हाळ्यातील हवे होते, असे लिहिले होते. निष्कर्ष विद्यार्थिनीने स्वतः आणि धीटपणे काढले आहेत, असेही लिहिले होते. शेवटी एक ओळ होती: छायाचित्रांतील बाटल्यांवरील अक्षर विद्यार्थिनीचे दिसत नाही, याचा खुलासा व्हावा.

ते माझ्या पत्नीचे अक्षर आहे. प्रयोगशाळेतील निर्जंतुक करण्याचे यंत्र बिघडले होते, तेव्हा मुलीने बाटल्या याच स्वयंपाकघरात हिच्या कुकरमध्ये उकळल्या. मुलीचे अक्षर कोंबडीच्या पायाचे, म्हणून चिठ्ठ्या हिने लिहिल्या: झऱ्याचे नाव, वाडी, वेळ. दोघी पहाटेच्या एसटीने पोलादपूरला जात आणि पुढे डोंगर चढत. बर्फाचा डबा हिच्या हातात असे. एका झऱ्यावर एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "बाटलीत पानी कोंडून काय करनार गो? प्यायचं नाय हाय तर सरळ सांग, आम्ही बी सोडू." ही ते घरी येऊन हसत हसत सांगत होती, आणि मी विचारले की, चिठ्ठीवर तापमान का लिहिलेले नाही. ती मुलीकडे वळून म्हणाली, "तुझे बाबा माणसाला दर्जा देतात, दाद नाही देत." तिने केलेल्या कोणत्याही भाजीला मी "ठीक आहे" याहून अधिक काही म्हटल्याचे मला आठवत नाही. मीठ कमी आहे, एवढेसुद्धा नाही. तुमच्याकडून मी अर्धेच शिकलो होतो.

काल मी खुलासा लिहिला. "बाटल्यांवरील मजकूर विद्यार्थिनीच्या दिवंगत मातोश्रींच्या हस्ताक्षरात आहे. त्यांचे साहाय्य चिठ्ठ्या लिहिण्यापुरते व नमुने वाहून नेण्यापुरते मर्यादित होते. शैक्षणिक कामात त्यांचा सहभाग नव्हता." विद्यार्थिनीशी असलेले माझे नातेही मी त्यात नमूद केले. पत्नीविषयी मी लिहिलेली ही पहिली वाक्ये, गुरुजी, आणि त्यांत तिचा सहभाग नव्हता असे लिहावे लागले. वाक्ये अचूक आहेत. प्राचार्यांनी सही केली, आज सकाळी ते उत्तर गेले, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे ते पुरेसे ठरेल. मुलगी तेथे राहील.

हे पत्र कोठे पाठवायचे हा प्रश्नच नाही. ते कुकर ठेवलेल्या फळीवर राहील. एक गोष्ट मात्र तुमच्यापासून लपवणार नाही. दुसरा अभिप्राय हाती आला तेव्हा तो मी प्रथम उभ्यानेच, घाईघाईने वाचला, आणि मी त्यात मुलीचे कौतुक शोधत नव्हतो. ती परत येईल एवढी मोठी एखादी चूक शोधत होतो. मग त्या शेवटच्या ओळीपाशी आलो, आणि खाली बसलो.