कर्स्टनला कोणी शिकवलं

प्रिय ड्वेन,

आम्ही रविवारी संध्याकाळी घरी सुखरूप पोचलो. पोचल्यावर फोन करायचं ठरलं होतं, तो मी मुद्दामच केला नाही. फोनवर मी पुन्हा हवापाण्याचंच बोललो असतो. नऊ तास गाडी हाकत तुझ्याकडे आलो होतो ते तुझ्या कर्स्टनच्या जाण्याबद्दल तुला एक गोष्ट सांगायला, आणि दोन दिवस तुझं मीठ खाऊन ती तशीच परत घेऊन आलो. जोअ‍ॅनलाही, माझ्या बायकोलाही, मी काही बोललो नव्हतो. तिला वाटत होतं, पोर गेलेल्या घरी भेटून यावं एवढंच माझ्या मनात आहे.

तुझ्याकडे येताना आमची ब्रिटा खुशीत होती. समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला रामराम म्हणून स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, तसं तीही मागच्या सीटवरून उचलत होती. कर्स्टनताईच्या खोलीत झोपायला मिळेल का, हा एकच धोशा. जोअ‍ॅनने दोनदा समजावलं की ताई आता नाही. तर म्हणाली, "माहितीये मला. खोली आहे ना पण." आठ वर्षांच्या पोरीला काय सांगणार? आल्यावर कळलं की खोलीही मोकळी नाही, तिथे आता तुझी मार्लिस एकटी झोपते.

मार्लिसने नेहमीसारखंच सगळं केलं होतं. बटाट्याचा आणि खिम्याचा ओव्हनमध्ये भाजलेला तो तिचा पदार्थ, लिंबाच्या वड्या, दर तासाला कॉफी. पण तुझ्या कपात ओतताना ती तुझ्याकडे बघत नव्हती. तीस वर्षं मी तुम्हा दोघांचा संसार बघतोय, एवढं शांत घर मला सहन होईना.

शनिवारी तू ब्रिटाला मक्याच्या कोठीशी नेलंस. मला वाटलं होतं, कर्स्टन गेली त्या पत्र्याच्या कोठीकडे तू आता फिरकतही नसशील. तू तिला नीट समजावलंस, की मका आत अडकून बसला तर आधी खालून दाणे ओढणारं यंत्र बंद करायचं, चावी खिशात टाकायची, आणि मगच वर चढायचं. यंत्र चालू असताना आत उतरलं तर दाणे पायाखालून सरकतात आणि बारा-पंधरा सेकंदांत माणूस आत जातो. ब्रिटाने विचारलं, "मग ताई का उतरली? तिला कोणी शिकवलं होतं?" तू म्हणालास, "कोणीच नाही गं. मी तर नाहीच नाही." मी दोन हात अंतरावर उभा होतो आणि बुटाने माती उकरत होतो.

त्याच वेळी स्वयंपाकघरात मार्लिस जोअ‍ॅनपाशी मन मोकळं करत होती. जोअ‍ॅनने मला ते परतीच्या वाटेवर सांगितलं. "असलं काही पोरीला आपोआप सुचत नाही. यानेच शिकवलं, आणि तोंड वर करून नाही म्हणतो. कबूल केलं असतं ना, तर मी माफही केलं असतं." यंदाची सुगी आटोपली की ती बहिणीकडे जाणार आहे, कायमची. तुला हे माहीत आहे की नाही, मला ठाऊक नाही.

निघताना तू आपल्याकडच्या रीतीने गाडीच्या खिडकीशी तासभर उभा राहिलास. पावसाचं बोलून झालं, मक्याच्या भावाचं झालं, चर्चच्या छपराचंही झालं. मी दहादा तोंड उघडलं. शेवटी तू टपावर थाप मारून म्हणालास, "जपून जा रे, रस्त्यात हरणं असतात." मी गाडी सुरू केली. भित्रा माणूस आहे मी, ड्वेन.

तर आता ऐक. कर्स्टन गेली त्याच्या आदल्या सुगीला मी आठ दिवस तुझ्या मदतीला आलो होतो. ऑफिसात बसून माझे हात लोण्याचे झालेत, असं तू सगळ्यांदेखत म्हणाला होतास, आणि ते मला लागलं होतं. तू यंत्राचा पार्ट आणायला गावात गेलास तेव्हा मका अडकला. कर्स्टन म्हणाली, यंत्र बंद करून बाबाची वाट बघू. मी म्हटलं, हट्, माझा बाप तर चालू यंत्रावरच आत उतरून चालायचा. मी उतरलो, दाण्यांवर चाललो, वरचं घट्ट झालेलं कवच फुटलं, मका धो धो वाहायला लागला. मग तिचा हात धरून तिलाही चालवलं. ती हसत होती. मी म्हटलं, बाबाला सांगू नकोस, मला ओरडेल. तिने शब्द पाळला. तू खोटं बोलत नाहीस, हे मार्लिसला कळायलाच हवं, म्हणून हे पत्र. पण मी तुला ओळखतो. मला वाचवायला तू हे शेगडीत टाकशील आणि जन्मभर तिचा राग सोसशील. म्हणून हेच सगळं मी मार्लिसच्या नावाने वेगळं लिहिलं आणि कालच टपालात टाकलं. हे तुझ्या हाती पडेपर्यंत तिने ते वाचलेलं असेल.

तुझाच, तू म्हणू दिलंस तर,
लायल