आज कुत्र्यांची सुट्टी

३ एप्रिल १९७४, किन्हीराजा
रिठदहून निरोप. चौदा एप्रिलच्या जयंतीला नकला करायला या, कुत्र्यांची तर पाहिजेच. हो कळवलं. शाळा सुटल्यावर घरात सराव. शिरपूरचं कुत्रं यात्रेकरूंच्या जेवणावर पोसलेलं, म्हणून अदबीनं भुंकतं. आमचं किन्हीराजाचं थेट आईबहिणीवर येतं. बायको, सुमन, हसून हसून चुलीपाशी बसली. माय उठून बाहेर गेली. इतकी गावं हसवली, माय एकदाही नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणायचं. तरी लागतंच.

५ एप्रिल
विचारलंच. "काहून हासत नाई व माय?"
ज्वारी पाखडत होती. "तुह्या बापालेबी लोक लय हासेत."
मी खूश. प्रत्येक कार्यक्रमात सांगतो, ही कला बापाची. तो माझ्या लहानपणीच गेला. आम्ही सोडून आलो त्या जुन्या गावचे म्हातारे म्हणायचे, तुझा बाप मोठा मजेदार माणूस.
"मजेदार? शिमग्याले पाटील त्याच्या गयात दोर बांधे अन् म्हने, भुंक. भुंकला त पोळी. घरी आला का बोले नाई कोनाशी. धम्म घेतला तवा तो दोर गेला."
सूप चालूच होतं.

९ एप्रिल
काही लिहिता येईना. तोतऱ्याची नक्कल काढून टाकली. कंडक्टरची ठेवली. कुत्र्यांचं काय करू? सुमनला म्हटलं, सोडतो हे सगळं. ती म्हणाली, "अन् मंग घरात कोन हासवीन?"
माय ऐकत होती. "तुले कोनी लावते का रे भुंकाले?"
"नाई. मीच करतो."
"नाई म्हनता येते?"
"येते."
"म्हनून पाह्यलं का कधी?"


१५ एप्रिल
काल रिठद. निघताना पाहतो तर माय लुगडं बदलून दारात उभी. भीतीच वाटली.
कंडक्टर रंगला. 'ही कला बापाची' हे वाक्य गाळलं. मग पुढं बसलेले सभापती ओरडले, "गुरुजी, कुत्रे काढा!" सगळा मांडव, कुत्रे, कुत्रे. म्हणालो, "नाई. आज कुत्र्यायची सुट्टी हाय."
आधी चिडीचूप. मग मांडव जो हसला! बायकांच्या बाजूला पाहायची हिंमत झाली नाही.
परतीच्या एस.टी.त माय खिडकीशी. म्हणाली, "ते शिरपूरचं कसं बोलते रे? वाटलं त कर."
तिच्या कानाशी हळूच भुंकलो, अदबीनं. पदर धरायच्या आत हसू फुटलं तिला. मायचे इतके दात पडलेत, मला माहीतच नव्हतं. फार बरं वाटलं, आणि रडूही आलं.

२८ एप्रिल
जुन्या गावाहून माणूस आला. कार्यक्रम पाहिजे, पाटलाच्या दारासमोरच्या मैदानात. अध्यक्ष पाटलाचाच मुलगा. उद्या सांगतो म्हणालो.
मायला विचारलं. चूल सारवून झाली तेव्हा बोलली. "हो म्हन, नाईतं नाई म्हन. पन गेला त मले पुढं बसव."
कुत्र्यांच्या नकलेत तिसरं एक लिहून पाहतोय, जुन्या गावचं. त्याला भुंक म्हटलं की ते नुसतं बघतं. पुढचं अजून सुचलेलं नाही.