राक्षसाचं हसू

बाबा,

मी शाळेच्या कॉरिडॉरमधल्या एका बुटक्या बाकावर बसले आहे. डोक्यावर मुलांचे ओले कोट टांगलेत आणि समोरच्या खिडकीत जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचं धुकं आहे. ट्राम त्यातून घंटी वाजवत येते आणि नीट दिसायच्या आत विरघळून जाते. बंद दाराआड तुमची नात आहे. तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी ती जन्मली. तुमची दोघांची ओळख मीच करून द्यायची होती, आणि परवापर्यंत मी ती करून दिली नव्हती.

तुम्हाला सिनेमातला नायक कधी आवडलाच नाही. रविवारच्या खेळाला आपण तिघं जायचो. पडद्यावर आधी बूट दिसायचे, मग काठी, मग ती उंच पाठीची खुर्ची सावकाश वळायची, आणि खलनायकाचा चेहरा दिसताच अख्ख्या थेटरात तुम्ही एकटे टाळ्या वाजवायचात. आई म्हणायची, "अहो, लोक बघतायत!" तुम्ही म्हणायचात, "बघू देत. सगळा सिनेमा तोच ओढतोय बिचारा. नायक काय, गाणं म्हणून मोकळा." खलनायकाच्या अड्ड्यावर लाल-हिरवे दिवे लुकलुकत असत, आणि कोपऱ्यात सोनेरी केसांचा एक गोरा माणूस हाताची घडी घालून उभा असे. त्याला संवाद नसे. शेवटी नायकाचा मार खाऊन तो कुठल्यातरी हौदात पडे. घरी परतताना तुम्ही हटकून विचारायचात, "त्याचं नाव काय असेल गं?" मी हसायचे. आता इथल्या ऑफिसात कधी कॉफीचा कप धरून कोपऱ्यात उभी असते, सगळे भराभर विनोद करत असतात, तेव्हा तो गोरा माझ्या शेजारी येऊन उभा राहतो. आम्ही दोघं काही बोलत नाही.

पिंपरीच्या कारखान्याने तुम्हाला नवं मशीन शिकायला सहा महिने जपानला पाठवलं होतं. परत आल्यावर तुम्ही जेवताना सांगत होतात. तिथे सगळे एकमेकांना आडनावापुढे 'सान' लावून हाक मारतात, पण तुमचं आडनाव कुणाच्या जिभेवर बसेना. मग तुम्ही झालात 'गाइजिन-सान'. गाइजिन म्हणजे बाहेरचा माणूस. बाजारात पोरं बोट दाखवून 'गाइजिन, गाइजिन' ओरडायची, आणि त्यांच्या आया लाजून तुमच्यासमोर कमरेत वाकायच्या. तुम्ही म्हणालात, "अगं, आपण नाही का म्हणत, 'काय पाहुणे, गाव कुठलं?' तसंच ते." फेब्रुवारीत त्यांचा एक सण असतो. घरातलं कुणीतरी राक्षसाचा मुखवटा घालतं, आणि 'राक्षस बाहेर, सुख आत' असं ओरडत मुलं त्याच्यावर भाजलेले सोयाबीनचे दाणे फेकतात. कंपनीच्या वसतिगृहात त्या वर्षी राक्षस तुम्ही झालात. तुम्ही बर्फातून पळताय, अंगावर दाणे तडतडताहेत, लाल मुखवट्याला दोन शिंगं. मी तिथे नव्हते, पण हे सगळं मी स्वप्नात इतक्यांदा पाहिलंय की त्या बर्फाचा गारवा माझ्या तळपायांना ठाऊक आहे.

आणि मी त्या बर्फाचं भाषण केलं. कॉलेजची वक्तृत्व स्पर्धा होती, विषय होता 'परका'. तुम्ही तिसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. मी गरजले, "मान द्यायचा आणि दाराबाहेर ठेवायचं, ही जगातली सगळ्यात सभ्य हकालपट्टी आहे!" हे वाक्य मी आजही मागे घेत नाही. पण त्यापुढे मी म्हणाले, "माझ्या वडिलांना त्यांनी राक्षस केलं, कारण ते बाहेरचे होते." सगळं सभागृह वळून तुमच्याकडे कीव करत बघू लागलं. मला पहिला नंबर मिळाला. स्कूटरवरून घरी येताना तुम्ही सिग्नलला थांबल्यावर, मागे न बघता म्हणालात, "भाषण झकास. पण मला विचारायचंस तरी. मुखवटा मी मागून घेतला होता."

बस, तेवढंच. तो किस्सा तुम्ही पुन्हा कधी सांगितला नाहीत, आणि मी पुन्हा विचारला नाही.

गेल्या आठवड्यात इथे एल्टर्नआबेंड होती, म्हणजे पालकसभा. वर्गाच्या नाटकात तुमच्या नातीला धुक्याची राणी केलंय, गावातले सगळे दिवे चोरणारी दुष्ट राणी, असं तिथे कळलं. वर्गात काळ्या केसांची, सावळी अशी ती एकटीच. मुलांच्या त्या इवल्या खुर्चीवरून मी उठले आणि बोलले, बाबा. जर्मनमध्ये, एकही चूक न करता. खलनायक नेहमी बाहेरून का येतो, हे मी त्यांना विचारलं. वर्गबाईंचा चेहरा पडला. कुणीतरी हळूच "गेनाऊ" म्हणालं, बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी तिला सूर्य केलं, आणि राणी वर्गातल्या दुसऱ्या मुलीला.

घरी येऊन तिने दप्तर आपटलं. ती माझ्याशी भांडते ती जर्मनमध्येच. "तुला कुणी सांगितलं होतं? मी हात वर केला होता! सात जणी होत्या, आणि सगळ्यांत भीतीदायक मी होते!" मी म्हटलं, "अगं, सूर्य किती छान असतो." ती म्हणाली, "सूर्य नुसता उभा राहतो, आई." मग रडत रडत म्हणाली, "आता सगळे माझ्याशी जपून बोलतात. आज मी रांग मोडली, तरी कुणी ओरडलं नाही."

बालवाडीपासून त्या मुलांनी तिला नावाने हाका मारल्या, ढकललं, तिची पेन्सिल पळवली. मी एका भाषणात तिला पाहुणी करून टाकलं होतं.

वर्गबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आता मुलांनाच ठरवू दे. शुक्रवारी दोघी करून दाखवतील." मग परवा दुपारी, कणीक मळता मळता, मी तिला तुमची गोष्ट सांगितली. भाषण न करता, तुम्ही सांगितलीत तशीच, शेवटापर्यंत. हो, शेवट मी स्पर्धेत गाळला होता. दाणे फेकून झाल्यावर आपल्या वयाइतके दाणे खायचे असतात, म्हणून मुलं तुमच्याभोवती बसली आणि त्यांच्या भाषेत तुमच्याकडून एकेक दाणा मोजून घेतला. तुम्ही सतराला चुकलात तेव्हा एका पोरीने तुमच्या पाठीत धपाटा घातला आणि विचारलं, तुझं नाव काय. त्या गावात तोवर ते कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाजारात ती पोरं तुमच्या नावाने ओरडली.

तुमची नात पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवत होती. म्हणाली, "आजोबा राक्षस होऊन कसे हसायचे? मला तसंच हसायचंय." मी हसून दाखवलं. खोल, पोटातून, मध्येच अडखळणारं. ती दोन दिवस तेच घोकतेय.

आत्ता दाराआडून ते हसू आलं. क्षणभर सगळं थांबलं, आणि मग वीस-बावीस मुलांचा एकच कल्लोळ, बाकं सरकली, कुणीतरी खदखदून हसत ओरडलं, "गप गं, घाबरवू नकोस!" आणि तिचं नाव. पुन्हा तिचं नाव, रागाने, मोठ्यांदा, मुळीच न जपता. खिडकीतल्या धुक्यात एक लाल मुखवटा जरासा थांबला असं मला वाटलं. ट्रामचा मागचा दिवा असेल.

हा कागद मी घडी घालून पर्समध्ये ठेवीन, दुसरं काय करणार. फक्त एक सांगायचं राहिलं. तुम्ही राक्षस होऊन कसे हसलात हे मला माहीत नाही, बाबा. मी कधी विचारलंच नाही. तुमचं म्हणून तिला दिलं ते माझंच होतं.