निशिदाते गावचा

प्रिय काझुमा,

पत्र बघून दचकशील. अकरा वर्षांत माझं अक्षर तू फक्त खोक्यांवर पाहिलंस, वर तुझा पत्ता आणि कोपऱ्यात 'काकाकडून'. खोक्यात काय भरायचं ते फुमिए, तुझी आई ठरवते, दोरी मी बांधतो. आजही फुमिए म्हणाली, फोन करा की, बोटं झिजलीत का तुमची. पण फोनवर तू 'हो' म्हणतोस, मी 'बरं' म्हणतो आणि मग दोघंही आईला हाका मारतो. त्यापेक्षा कागद बरा, तो मध्येच 'हो' म्हणत नाही.

आधी घरची खबर. गावाला अंघोळ घालणारा आपल्या न्हाणीघराचा बंब परत कुरकुरतोय, पण त्याला काही होत नाही, माझ्यासारखाच आहे तो. समोरच्या टोफूवाल्या मिकामी आजींना चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. रोज तीनला दार उघडायच्या आधीच त्या टॉवेल घेऊन उभ्या असतात आणि रोज ओरडतात, "शिगेयोशी, अंघोळ घालतोस की शिजवतोस मला?" पाणी कमी गरम ठेवलं की म्हणतात, आज काय लाकडं चोरीला गेली का. कासाई मास्तर शाळेतून निवृत्त झाले, तरी मास्तरकी सुटत नाही. तुला पहिल्यांदा शाळेच्या सुमोच्या रिंगणात उतरवलं ते त्यांनीच, हे ते आठवड्यातून चारदा तरी सांगतात. तुझ्या कुस्त्यांचा तक्ता अजून कपडे बदलायच्या खोलीत आरशाशेजारी आहे. जिंकलास की पांढरा ठिपका, हरलास की काळा. ठिपके मास्तर काढतात, दुसऱ्या कुणाला ब्रशला हात लावू देत नाहीत. वर्षाला सहा स्पर्धा आणि तुमच्या वर्गाला प्रत्येक स्पर्धेत सात कुस्त्या, म्हणजे भिंत किती भरली असेल ते तूच मोज.

तर आता सप्टेंबरचं सांगतो. तू म्हणशील, मीच लढलो, मलाच काय सांगता. पण तू रिंगणात होतास, न्हाणीघरात नव्हतास.

सहा कुस्त्या झाल्या तेव्हा तीन पांढरे, तीन काळे. मास्तरांनी सगळ्यांना पुरुषांच्या खोलीत गोळा केलं, बायकांनासुद्धा, आणि छडी घेऊन समजावलं. शेवटच्या रविवारी सातवी कुस्ती, तीही पगारी पैलवानाशी, त्यांच्याच वर्गात जाऊन. जिंकला तर वरच्याची जागा त्याची. रेशमी लंगोट, पगार, हाताखाली माणसं. हरला तर परत खाली, आणि वय सव्वीस. मिकामी आजींनी विचारलं, "आणि मास्तर, त्या वर्गात गावाचं नाव घेतात ना मोठ्यांदा?" मास्तर म्हणाले, घेतात तर. खाली नुसतं पैलवानाचं नाव, फार तर प्रांत. वर मात्र गावासकट पुकारतात, अख्खा देश ऐकतो. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. गाव कुठलं पुकारतील ते सगळ्यांना ठाऊक होतं.

हे आपण कधी बोललो नाही, म्हणून लिहितो. तू पंधराचा होतास. तालमीचा अर्ज आला, तू जेवायच्या मेजावर तो भरलास आणि पालकाच्या शिक्क्यासाठी माझ्यापुढे सरकवलास. गावाच्या रकान्यात तू 'कुरोसे बंदर' लिहिलं होतंस. त्यात खोटं काही नव्हतं. तू जन्मलास कुरोसेला, तुझे वडील तेत्सुओ तिथूनच माकूळ धरायला गेले आणि परत आले नाहीत. तू आठ वर्षांचा होतास तेव्हा तुझ्या आईचा हात धरून माझ्या घरी आलास, आणि वर्षभर पुरुषांच्या बाजूला माझ्याबरोबर अंघोळीला उतरला नाहीस. शाळेत पोरं 'न्हाणीवाल्याचा पोरगा' म्हणाली तर एकाचा दात पाडून आलास, आणि 'मी त्याचा नाही' असं ओरडलेलं मी कुंपणापलीकडून ऐकलं. हे सगळं मला माहीत होतं. तरी तो रकाना मी दोनदा वाचला. शिक्का तिरका उमटला. तू विचारलंस, चालेल का तिरका. मी म्हणालो, चालतो. बास, एवढंच बोललो.

दुसऱ्या दिवशी तू निघणार होतास. दुपारी न्हाणीघर उघडायच्या आधी मी एकटाच अंघोळीला बसलो होतो. तू आलास, माझ्या मागे बसलास आणि माझी पाठ घासलीस. पोरं बापाची घासतात तशी, पण इतकी जोरात की चार दिवस सोलवटून निघाल्यासारखी आग होत होती. मी रुसलेलो होतो. पन्नाशीला टेकलेला माणूस पंधरा वर्षांच्या पोरावर रुसतो, बघ. मी एवढंच म्हणालो, पाणी गरम आहे का. तू म्हणालास, हो. आपलं कायमचं संभाषण तिथूनच सुरू झालं असावं.

इतक्या वर्षांत मी एकदाही तुझी कुस्ती बघायला आलो नाही. न्हाणीघर बंद ठेवता येत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. खोटं आहे ते. मला वाटायचं, तिथे बापाच्या खुर्चीवर बसायचा हक्क तेत्सुओंचा, आणि तो माणूस समुद्रात. त्याच्या जागेवर मी कशाला बसू. मानांकनाचा कागद मात्र प्रत्येक वेळी मागवला. मुंगीएवढ्या अक्षरात तुझं रिंगणातलं नाव, 'शिओनामी', आणि वर प्रांत, आओमोरी. तेवढं तरी बरं होतं, आओमोरीत कुरोसेही आलं आणि आम्हीही आलो. भिंगातून बघून समाधान मानायचो.

रविवारी दोनच्या सुमारास टीव्हीसमोर खोली गच्च भरली. मिकामी आजी ताट घेऊन आल्या. ताटात बैलाच्या खिम्याचे वडे. फुमिएने ताट हिसकावलंच. "आजी, आज चार पायांचं? कोंबडी दोन पायांवर उभी राहते, बैल चारही टेकतो. माझ्या पोराचे हात जमिनीला लावता का?" आजी म्हणाल्या, "अगं, मी खाणार, तो कुठे खातोय." ताट आत गेलं. पण तोवर मास्तरांनी एक उडवला होता आणि मी दीड. हे तुझ्या आईला अजून माहीत नाही, तूही सांगू नकोस.

मग तू आलास. डोक्यावर पगारी पैलवानांसारखा पानाच्या आकाराचा अंबाडा, कमरेला मात्र तोच काळा सुती लंगोट. तुझी आई तो अंबाडा बघून उठली आणि बायकांच्या बाजूला टाक्या घासायला निघून गेली. तू लढतोस तेव्हा ती टाक्याच घासते, म्हणून आमच्या टाक्या तालुक्यात सगळ्यांत स्वच्छ. रिंगणात उधळायचं मीठ, जे खालच्या वर्गात मिळत नाही, तू उचललंस ते चिमूटभर. मास्तर ओरडले, मूठभर घे रे, मीठ काय सरकारी आहे. आणि मग पुकारणाऱ्याचा आवाज आला. शिओनामी. मी मनाची तयारी करून बसलो होतो, की कुरोसे म्हणतील, आणि बरोबरच आहे, आपण टाळी वाजवायची. तो म्हणाला, आओमोरी प्रांत, निशिदाते गावचा.

मग आजींनी विचारलं, "आपलंच म्हणाला ना तो?" मास्तर म्हणाले, पुकारणारा चुकला. मी म्हणालो, चुकलाच असणार. बायकांच्या बाजूला टाक्या घासणाऱ्या ब्रशचा आवाज मात्र थांबला होता.

त्या गडबडीत तुझी कुस्ती आम्ही नीट पाहिलीच नाही. तू डोकं खाली घालून सुसाट गेलास, समोरचा बाजूला सरला, मानेवर एक थाप मारली आणि तुझे दोन्ही हात मातीत. चार सेकंदही झाली नसतील. मास्तरांनी काळा ठिपका काढला, मग ब्रश धुतला, मग पुन्हा धुतला. तीन वाजता मी दार उघडलं. लोक आले, अंघोळी केल्या, गेले. कुणी पाणी गरम म्हणून ओरडलं नाही, आजीसुद्धा नाहीत.

मला राहवेना. संध्याकाळी तुझ्या तालमीत फोन केला. वस्तादबाईंनी घेतला. मी म्हणालो, ओसानाई बोलतोय, निशिदातेहून, तक्रार नाही, पण तुमच्याकडच्या त्या पुकारणाऱ्याची चूक झाली. पोराचे वडील कुरोसेचे. समुद्रात गेलेला माणूस आहे, त्याचं गाव असं खोडू नये. पोराला हरल्यापेक्षा त्याचंच वाईट वाटत असेल. तेवढं दुरुस्त करून घ्या. वस्तादबाई पहिल्यांदा हसल्या.

मग म्हणाल्या, "ओसानाई-सान, चूक नाही हो ती. मार्चमध्ये त्याने स्वतः अर्ज लिहून दिला, गाव बदलायचं म्हणून. वस्तादांनी विचारलं, आत्ताच का रे? तर म्हणतो, जन्म कुरोसेने दिला, अंघोळ निशिदातेने घातली. घरी कळवू का विचारलं तर म्हणाला, नको. वरच्या वर्गात गेलो की ते टीव्हीवर ऐकतील."

मी त्यांना 'बरं' म्हणालो. बघ, त्यांनाही 'बरं'च म्हणालो. मग बंबाच्या खोलीत जाऊन लाकडावर बसलो आणि रडलो. फुमिए आली, म्हणाली, धूर झालाय का. मी म्हणालो, हो. तिला आत जराही धूर दिसत नव्हता, तरी ती माझ्या शेजारी बसली.

बुधवारी, सुट्टीच्या दिवशी, आम्ही दोघं कुरोसेला गेलो. तेत्सुओंच्या थडग्यावर पाणी घातलं, साके ठेवली, भाजलेलं माकूळ ठेवलं. मी हात जोडून म्हणालो, तुमचं गाव मी हिरावलं नाही, पोराने आपणहून दिलं ते मी घेतलं, राग मानू नका. परतताना विचारलं, काय गं, त्यांना कळलं असेल का. तुझी आई म्हणाली, "ते मेलेत, बहिरे नाही झालेले." मग बसमध्ये तिने मला अर्धं माकूळ दिलं. थडग्यावरचं तिने परत उचललं होतं, वाया कशाला घालवायचं म्हणून.

हे सगळं लिहायला मला नऊ दिवस लागले, आणि तू त्या नऊ दिवसांत एकदाही फोन केला नाहीस. काल वस्तादबाईंचाच आला. म्हणाल्या, तो सगळ्यांबरोबर जेवत नाही. वस्तादांना म्हणाला की अंबाडा उतरवा, मी जातो. ज्या दिवशी गावाचं नाव लावलं त्याच दिवशी हात टेकले, आता कुठल्या तोंडाने घरी फोन करू. काझुमा, अरे, हात तू नाही टेकलेस. वडे मी खाल्ले, दीड. थट्टा राहू दे. नाव पुकारल्यानंतर चार सेकंदांत काय झालं ते इथे कुणाच्या लक्षातही नाही. मिकामी आजी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, आपलं गाव टीव्हीवर आलं, आणि कुस्तीचं काय झालं विचारलं तर म्हणतात, झाली असेल काहीतरी.

राहायचं की यायचं ते तू ठरव. आलास तर बंबाला माणूस हवाच आहे, राहिलास तर खोकी येत राहतील. पण ठरवायच्या आधी नोव्हेंबरची स्पर्धा लढ, एवढंच मागतो. फुकुओका आमच्यापासून देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे, म्हणून मी न्हाणीघर सलग चार दिवस बंद ठेवतोय, एकतीस वर्षांत पहिल्यांदा. पाटीही रंगवून ठेवली: 'मुलाच्या कुस्तीला गेलो आहे'. पाटी वाचून आजी म्हणाल्या, मग मी चार दिवस पारोशी राहू का? म्हणून त्याही येताहेत. मास्तर सांगतात की तू परत खालच्या वर्गात लढशील, तिथे गावाचं नाव पुकारत नाहीत. नाही तर नाही. तू मीठ नसलेल्या रिंगणात चढलास की वरच्या रांगेकडे कान ठेव. तिथे मी पुकारेन.

मला काकाच म्हण. त्यात मला काही कमी वाटत नाही, आता तर मुळीच नाही.

तुझाच,
काका