येरवाळी म्हणजे काय

अण्णा, मी तुमचं ऐकणार नाही. डोळे वटारायला तुम्ही आता नाही, तेव्हा सांगूनच टाकते. परवा दोन दिवस प्रशिक्षणाला गेले होते. हो, न्यायाधीशांनाही असतं, पुन्हा पुन्हा असतं, आणि पन्नाशीची मी पहिल्या बाकावर वही उघडून बसले. तुम्हाला लाज वाटली असती.

तुम्ही कोकणातल्या कोर्टात तीस वर्षं पट्टेवाले. मी न्यायाधीश झाले तेव्हा आई घावने काढतेय आणि तुम्ही चुलीपाशी मला दम भरताय: “डायसवर बसलीस की ‘म्हणजे काय?’ असं विचारायचं नाही. मी पुष्कळ साहेब बघितलेत. विचारलंस की लोक म्हणणार, हिला येत नाही. पट्टेवाल्याची पोर तू, तुला तर दुप्पट म्हणणार.” मी मान डोलावली. ते मान डोलावणं एका बाईला भोवलं.

बदली होऊन इथं धाराशिव जिल्ह्यात आले आणि पहिल्याच वर्षी मुरुमकडची एक बाई साक्षीला उभी राहिली. दिरानं बांधावर मारून तिचा हात मोडला होता. कधी मारलं, विचारलं तर म्हणाली, “येरवाळी शेतात गेले व्हते, तवाच मारलं बगा.” मी टायपिस्टला सांगितलं, लिहा, संध्याकाळी. तो इथलाच. त्याची बोटं जरा थांबली, पण साहेबांना कोण दुरुस्त करणार? साक्ष वाचून दाखवली, ती घाबरून “व्हय, व्हय” म्हणत गेली. फिर्यादीत आणि दवाखान्याच्या कागदावर सकाळ, साक्षीत संध्याकाळ. बाईच्या बोलण्यात मेळ नाही म्हणून मी दिराला निर्दोष सोडलं. जाताना तिनं मलाच हात जोडले, अण्णा!

पुढं एकदा मंडईत मेथी संपलेली. भाजीवाली म्हणाली, “उद्या येरवाळी या की मॅडम. ऊन वर आल्यावर काय ऱ्हातंय व्हय?” येरवाळी म्हणजे सकाळी लवकर. मला माझा संताप आला, आणि तुमचाही आला, कशाला लपवू? दिलेला निकाल मला बदलता येत नाही. तिचं अपील वरच्या कोर्टात पडून आहे.

हे सगळं मी प्रशिक्षणात उभी राहून सांगितलं. जेवताना एक ज्येष्ठ म्हणाले, “मॅडम, असं चारचौघांत बोलू नये, खुर्चीची शान जाते.” मी म्हटलं, “जाऊ दे. हात त्या बाईचा मोडला, शान मोडली तर प्लास्टर घालू.” आता मी रोज विचारते, “म्हणजे काय, मावशी?” वकील गालात हसतात. हसू देत! निवृत्तीच्या दिवसापर्यंत मी शिकणार, काय करायचं ते करा.

हे पत्र काही कुठं जायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. प्रशिक्षणात मला विचारलं होतं, शब्द आपल्याला कळला नाही हे त्या वेळी लक्षात आलं होतं का? मी म्हटलं, नाही, गैरसमज झाला. खोटं बोलले. कळला नव्हता, आणि कळला नाही हे मला तिथंच, तिच्यासमोर बसून माहीत होतं.